कच्च्या नोंदीतली तीन वाक्यं

मीरा आणि ओजस,

हे पत्र तुमच्यासाठीच आहे, पण या सदरात छापायला देते आहे. तुमची आई दर शनिवारी तुम्हाला हे सदर मोठ्यानं वाचून दाखवते असं तिनं मला सांगितलं, आणि माझ्या अक्षरापेक्षा छापलेलं वाचणं तिला सोपं जाईल. बाकीच्या वाचकांनी चालवून घ्यावं.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे गैरसमज नको. तुमच्या आजोबांना मांजर आडवं गेलं की ते स्कूटर थांबवून दुसरं कुणीतरी पुढं जायची वाट बघायचे. मी मागच्या सीटवरून उतरून दहा पावलं पुढं चालत जायचे आणि म्हणायचे, चला, गेलं दुसरं कुणीतरी. एकतीस वर्षं मी न्यायवैद्यक विभागात काम केलं – म्हणजे माणूस कशानं गेला हे शरीर उघडून ठरवायचं आणि लिहून द्यायचं. लोक विचारायचे, भीती नाही वाटत? मी म्हणायचे, वास येतो, भीती नाही वाटत. या सदरात येणारे गूढ अनुभव मी सुडोकू सोडवावा तसे वाचते... चूक कुठं आहे ते शोधत. बहुतेक वेळा सापडते.

हा मात्र माझा स्वतःचा, आणि सुटलेला नाही.

आज आठवायचं कारण ओजस आहे. त्यानं शाळेतल्या प्रशिक्षणाचा व्हिडिओ पाठवला – रबराच्या माणसाच्या छातीवर दोन्ही हात ठेवून दाबतोय. हात बरोबर जागी होते, बाळा, पण कोपर वाकत होते. कोपर वाकवायचे नाहीत. आणि तू आईला विचारलंस म्हणे, की एवढ्या जोरात दाबल्यावर बरगडी मोडत नाही का? मोडते. पुष्कळदा मोडते. त्या मोडलेल्या बरगड्यांवरून एक माणूस जन्मठेपेपर्यंत जाऊ शकला असता.

आठ वर्षं झाली. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. रुग्णालयाचं नाव देत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. मे महिना संपत आला होता आणि अधिक महिना चालू होता. तुम्हाला सांगायला हवं – तीन वर्षांतून एकदा असा जादा महिना येतो, आणि त्यात जावयाला सासरी बोलावून पुरणाचे धोंडे, अनारसे असं जेवायला घालतात, कपडे करतात. आपल्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाचा मान करायचा महिना. हे एवढ्यासाठी सांगते की ज्यांचं शवविच्छेदन मला करायचं होतं ते रंगनाथराव, फुलंब्रीजवळच्या एका गावचे शेतकरी, वय सत्तावन्न, जावयाला हेच आमंत्रण द्यायला गुरुवारी मुकुंदवाडीला आले होते.

जावई संतोष वाळूजच्या एका कारखान्यात मशीनवर कामाला होता. दोन खोल्यांचं घर. मुलगी संगीता दळण आणायला गिरणीवर गेली होती. त्या अर्ध्या तासात सासरा-जावयात वाजलं. संतोषचं म्हणणं, मागच्या दिवाळीला मेहुण्यानं चार लोकांत माझा अपमान केला, मी येणार नाही. आवाज चढले. शेजारणीनं ऐकले. मग एकदम शांत झालं म्हणून तिनं खिडकीतून बघितलं, तर म्हातारा जमिनीवर उताणा आणि जावई गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी त्याच्या छातीवर मारतोय. ती ओरडत सुटली. लोक जमले. रुग्णालयात आणलं तेव्हा जीव गेलेला होता.

संतोष पहिल्यापासून एकच सांगत होता – मी मारत नव्हतो, दाबत होतो, कंपनीत ट्रेनिंग दिलंय. पोलिसांनी ते लिहून घेतलं, विश्वास ठेवला नाही. खरं सांगायचं तर मीही ठेवला नाही. माणूस मारल्यावर लोक काय काय सांगतात ते मी वर्षानुवर्षं ऐकत होते.

शुक्रवारी सकाळी सव्वादहाला मी पीएम रूममध्ये, म्हणजे शवविच्छेदनाच्या खोलीत गेले. रुग्णालयाच्या मागच्या अंगाला एक बैठी इमारत, समोर पत्र्याची शेड, तिथं नातेवाईक बसतात. शीतपेटीचा कॉम्प्रेसर दोन दिवस बंद होता, त्यामुळं मेच्या उकाड्यात शरीर तसंच राहिलं होतं. हे पुढं महत्त्वाचं आहे, लक्षात ठेवा.

माझी पद्धत ठरलेली. आधी बाहेरून, मग आतून. वरून खाली. आधी उजवं, मग डावं. मी बघते ते इंग्रजीत सांगते, आणि खिडकीपाशी उंच स्टुलावर बसून आमचे कारकून जाधव ते फुलस्केप कागदावर उतरवतात – ती कच्ची नोंद. प्रत्येक टप्पा संपला की जाधव वाचून दाखवतात, मी हो म्हणते, मग पुढं. मधे कुणी बोलायचं नाही. जाधव माझ्याबरोबर चौदा वर्षं होते. इंग्रजी अक्षर मोत्यासारखं, पण वैद्यकीय शब्दांचा अर्थ त्यांना शेवटपर्यंत जाणून घ्यायचा नव्हता. म्हणायचे, मॅडम, अर्थ कळला तर जेवण जाणार नाही. तिसरे आमचे कचरूमामा, टेबलापाशी मदतीला. मामांना मात्र सगळे अर्थ कळायचे.

बाहेरून बघितलं तेव्हा छातीच्या मध्यभागी तळहाताएवढी खरचटल्याची खूण होती, आणि हाताला बरगड्या मोडलेल्या लागत होत्या. मग मी नेहमीप्रमाणं शेडमध्ये जाऊन नातेवाइकांना विचारलं, आधी काही आजार होता का? मुलगा अंकुश उभाच होता.

“काय बी नव्हतं. ठणठणीत होते. त्यानं मारून टाकलंय, मॅडम.”

मुलगी संगीता पत्र्याच्या खांबाला टेकून बसली होती. “साधा ताप आलेला आठवत नाय मला,” ती म्हणाली.

रंगनाथरावांची बायको आली नव्हती. गावाकडंच होती, तिला अजून उभं राहवत नव्हतं, असं अंकुश म्हणाला.

मी परत फिरले तर संगीता मागं दारापर्यंत आली. हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, मला खरं सांगा. मारल्यानंच गेले का? मी गेले तवा दोघं चहा पीत होते.”

आणि मी उत्तर दिलं. “छातीला मार आहे, एवढं दिसतंय.”

मुलांनो, माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या वर्गात सांगायचे की उघडून बघितल्याशिवाय दारात एक शब्द बोलायचा नाही. कशामुळं बोलले? ती माझ्या मुलीच्या, म्हणजे तुमच्या आईच्या वयाची होती, एवढंच कारण सापडतं. त्याच संध्याकाळी तिनं पोलिसांत जबाब दिला की नवरा तापट आहे, सासरच्यांवर त्याचा राग होता, आणि डॉक्टर मॅडमनीही मार आहे म्हणून सांगितलंय.

मी आत गेले. बरगड्या – दोन्ही बाजूंच्या, उरोस्थीला लागून, तिसरी ते सहावी. उरोस्थीलाही चीर. आसपास रक्त थोडंच. मग हृदयाभोवतीची पिशवी दिसली. ती निळसर आणि ताठ फुगलेली होती, म्हणजे आत रक्त साठलेलं. मी एवढं सांगितलं आणि जाधवांनी लिहिलं. मग मी पिशवी उघडली आणि आतलं रक्त आणि गुठळ्या स्टीलच्या ओगराळ्यानं मोजपात्रात काढू लागले. मामांनी पात्र धरलं होतं. हे काम दोन-तीन मिनिटांचं. या वेळात मी बोलत नाही, कारण मी मनात आकडा धरलेला असतो. तोंडावर मास्क होता. मी बोलले नाही. हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

आकडा सांगितला, आणि म्हटलं, वाचा.

जाधव वाचू लागले. बरगड्या, उरोस्थी, पिशवी ताठ आणि निळसर... सगळं इंग्रजीत. आणि मग त्याच सुरात –

“रविवारपासून दुखत होतं. डाव्या हातात, पाठीत. कुणाला सांगितलं नाही.”

आणि पुढं परत इंग्रजीत, रक्ताचा आकडा.

मी म्हटलं, “हे मधलं कुठून आलं?”

“तुम्हीच सांगितलंत ना.”

“जाधव, चौदा वर्षांत मी कधी मराठीत सांगितलंय?”

“नाही, म्हणून तर मी वर बघितलं. तुम्ही वाकलेल्या होतात. मला वाटलं, बाहेर नातेवाइकांनी काही सांगितलं असेल, ते विसरायच्या आत लिहून ठेवायचं असेल.”

“मामा, मी काही बोलले?”

कचरूमामा म्हणाले, “नाय बा. मला तर फक्त ओगराळं वाजल्यालं ऐकू आलं. जाधवसाहेब, सकाळपासून पोटात काय हाय का नाय तुमच्या?”

जाधव चिडले नाहीत. कागद धरून बसून राहिले. मी विचारलं, आवाज कुणाचा होता? म्हणाले, “तुमचाच, मॅडम. पण दम लागल्यासारखा. थांबून थांबून. वाकून काम चाललंय म्हणून असेल, असं मी धरलं.”

मला राग आला होता, भीती नाही. कच्च्या नोंदीतलं चुकीचं वाक्य गिरगटून टाकायचं नसतं. खालचं वाचता येईल अशी एकच रेघ मारायची आणि शेजारी सही करायची. मी तशी रेघ मारली, सही केली आणि पुढं कामाला लागले.

पण ती वाक्यं ऐकल्यावर मला हृदय वेगळ्या नजरेनं बघावं लागलं. आता नीट समजून घ्या. हृदय फाटलं होतं, डाव्या कप्प्याच्या मागच्या भिंतीला दीड सेंटिमीटरची चीर होती. हृदय दोन प्रकारांनी फाटू शकतं. एक, बाहेरून जबर आघात झाला – छातीचं हाड आणि पाठीचा कणा यांच्यात ते चिरडलं जातं. दुसरं, आधी हार्ट अटॅक येऊन गेलेला असतो, माणूस अंगावर काढतो, आतला स्नायूचा एक तुकडा मरतो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी तो इतका मऊ होतो की साध्या दाबानं, कधी आपल्या आपणच, फाटतो. दोन्हींत रक्त तेवढंच साठतं. फरक चिरेच्या कडांत असतो. मेलेला स्नायू पिवळट, मऊ दिसतो. पण शीतपेटी बंद, मे महिना... सगळाच स्नायू मऊ पडला होता.

माझ्या डोक्यात मत तयार होतं, तेही लपवत नाही. छातीवर खूण, मोडलेल्या बरगड्या, डोळ्यांनी बघणारी साक्षीदार, भांडणाचं कारण, आणि फाटलेलं हृदय. ‘बोथट आघातानं हृदय फाटून मृत्यू.’ इतक्या ओळीनं मांडलेलं प्रकरण माझ्यासमोर क्वचित यायचं. रोजच्या रिवाजाप्रमाणं मी विषतपासणीपुरते नमुने ठेवले असते आणि शरीर नातेवाइकांच्या ताब्यात दिलं असतं. दुपारी अंत्यसंस्कार झाला असता. मग कुणालाच काही तपासता आलं नसतं.

मी नळाखाली ती चीर धुतली आणि भिंग लावून कडा बघितल्या. पिवळट वाटल्या. मग समोरची भिंत कापून शेजारी धरली. तीही मऊ, पण रंग तसा नव्हता. असंही वाटलं की मला दिसावं म्हणून दिसतंय. अशा वेळी डोळ्यांवर भरवसा ठेवू नये. मी चिरेच्या दोन्ही कडांचे, आजूबाजूचे आणि समोरच्या भिंतीचे तुकडे घेतले, रक्तवाहिनी घेतली, प्रत्येकाला चिठ्ठी लावली, आणि सूक्ष्मदर्शक तपासणीला पाठवायला काढले.

बाहेर पोलीस ठाण्याचे जमादार वाट बघत होते. मत राखून ठेवते म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला.

“मॅडम, आता ह्याच्यात राखायचं काय राहिलं? साक्षीदार हाय, भांडण हाय, बरगड्या तुम्हीच मोजल्या.”

“बरगड्या मोजल्या. हृदय अजून मोजायचं आहे.”

“हृदय फाटलं म्हणताय ना?”

“हो.”

“मग झालं की. माणसाचं काळीज कुणी फाडल्याशिवाय फाटतं व्हय?”

मी म्हटलं, तेच तपासायला पाठवते आहे. ते जाताना मामांना म्हणाले, मॅडम रिटायर व्हायला आल्या, आता लई बारीक काततात. मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले.

तपासणीचा अहवाल यायला साडेतीन आठवडे लागले. तेवढे दिवस संतोष तुरुंगात होता. अंकुश दोनदा येऊन गेला, अहवाल का अडवलाय म्हणून. संगीता आली नाही. त्या साडेतीन आठवड्यांत मला एकदाही वाटलं नाही की तिला बोलावून सांगावं, बाई, मी घाई केली, अजून काही ठरलेलं नाही. वाटलं नाही कसं... वाटलं. पण काय सांगणार होते? की कारकुनानं एक वाक्य ऐकलं?

अहवाल आला. चिरेच्या दोन्ही कडांचा स्नायू मेलेला होता, आणि पेशींच्या खुणांवरून तो चार ते पाच दिवस आधी मेला होता. त्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीनं बंद. समोरच्या भिंतीचा स्नायू धड. म्हणजे रंगनाथरावांना अटॅक येऊन गेला होता. त्यांनी तो अंगावर काढला, आणि गुरुवारी भांडताना, किंवा भांडण नसतं झालं तरी जिना चढताना, हृदयाची ती जागा फाटली. पिशवीत एवढं रक्त साठायला हृदय चालू असावं लागतं, म्हणजे फाटलं तेव्हा ते चालू होतं आणि त्यामुळंच माणूस खाली पडला. संतोषनं दाबायला सुरुवात केली ती त्यानंतर. बरगड्या त्यानं मोडल्या, पण वाचवताना. दोन्ही बाजूंना सारख्या मोडल्या होत्या आणि रक्त जवळजवळ नव्हतं, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. दिसलं होतं आणि मी त्याला ओळीत बसवून टाकलं होतं.

मी मत लिहिलं. संतोष सुटला.

तो सुटल्यावर दोन दिवसांनी, दुपारी तीनच्या सुमाराला, संगीता माझ्या खोलीत आली. बरोबर तिची आई, रंगनाथरावांची बायको. मी तिला पहिल्यांदा बघत होते. किरकोळ बाई, डोक्यावरून पदर, खुर्चीच्या कडेवर बसली. मी पाणी दिलं ते तिनं हातातच धरलं.

संगीता म्हणाली, “माय, सांग आता मॅडमना.”

म्हातारी माझ्याकडं न बघता बोलली. “आइतवारी अद्रकीचं बेणं निवडीत बसले होते. लावणीचे दिवस ना. एकदम उठले. म्हणले, डाव्या हातात कळ निघाली. मग पाठीत गेली म्हणले. घाम लई आला. म्या म्हणलं, दवाखान्यात चला. तर म्हणले, कुणाला सांगू नको, गुरुवारी पोरीकडं जायचंय, जावयाला घेऊन यायचंय, एवढा महिना होऊ दे.”

“आणखी कुणाला सांगितलं होतं त्यांनी?” मी विचारलं. आवाज नेहमीसारखाच ठेवला.

“कुणालाच नाय. मला गळ्याची आण घातली.”

“आणि नंतर तुम्ही?”

“अंकुशला सांगितलं, मातीच्या दुसऱ्या दिवशी. तो म्हणला, आता तोंड उघडू नको, जावई सुटंल.”

लक्षात घ्या, माती शुक्रवारी दुपारीच झाली होती, म्हणजे दुसरा दिवस शनिवार. जाधवांनी ती वाक्यं लिहिली शुक्रवारी, साडेअकराच्या आत. तोपर्यंत ही गोष्ट जगात एकट्या या बाईला माहीत होती, आणि ती इथून तीसेक किलोमीटरवर आपल्या घरात होती. जाधवांचा त्या गावाशी संबंध नाही, मी नंतर खात्री करून घेतली. फोन? बाईकडं फोन नव्हता, आणि पीएम रूममध्ये मी फोन आणू देत नसे. मी स्वतः नकळत बोलले असेन, असंही धरून बघितलं. पण मला माहीत नसलेली गोष्ट मी कशी बोलणार? अटॅकचा अंदाज एखादा डॉक्टर करू शकतो, डाव्या हाताचाही करू शकतो. पण रविवार? आणि ‘कुणाला सांगितलं नाही’?

संगीतानं विचारलं, “जमादार म्हणत होते, मॅडमनी आपणहून तुकडे पाठवले, नायतर केस पक्की होती. तुम्ही कशावरून पाठवले?”

हा प्रश्न मला कोर्टात कुणी विचारला नाही, कारण प्रकरण कोर्टात उभंच राहिलं नाही. मी कपाट उघडलं, फाईल काढली, ते पान तिच्यासमोर ठेवलं. एका रेघेखालची तीन वाक्यं तिनं बोट ठेवून वाचली. मग आईला वाचून दाखवली. हातातलं पाणी म्हातारीनं तेव्हा प्यायलं.

“बाबा बोलले का तुमच्याशी?” संगीता म्हणाली.

“माझ्याशी नाही. आमच्या कारकुनाला ऐकू आलं. मला नाही आलं.”

“मी आइतवारी संध्याकाळी फोन केला होता त्यांना. मला म्हणले, सगळं बेस हाय.” मग म्हणाली, “मला सांगितलं नाय, आन् एका परक्या माणसाला सांगितलं.”

मी फाईल मिटवली.

“ते खाली उभे हायेत,” ती म्हणाली. ‘ते’ म्हणजे संतोष. “वर येत नाहीत. घरी येतात, झोपतात, बोलत नाहीत. म्हणतात, तुला वाटलंच कसं. मी काय सांगू त्यांना, मॅडम? मला तर खरंच वाटलं होतं.”

मी उठले आणि खाली गेले. तो सायकल स्टँडपाशी उभा होता. अंगावर कंपनीचा निळा शर्ट होता आणि दाढी वाढलेली. मी माझं नाव सांगितलं. म्हटलं, “तुमच्या बायकोला मीच सांगितलं होतं, छातीला मार आहे म्हणून. उघडून बघायच्या आधी सांगितलं. ती चूक माझी आहे, तिची नाही.”

तो म्हणाला, “पहिली बरगडी मोडली तवा आवाज आला होता. मी घाबरलो. पर ट्रेनिंगवाले म्हणले होते, मोडली तरी थांबू नका.”

“बरोबर सांगितलं होतं त्यांनी.”

“मग अजून जोरात दाबलं असतं तर?”

“तरी उपयोग झाला नसता. हृदय आधीच फाटलं होतं. तुम्ही जे केलं ते सगळं बरोबर केलं.”

त्यानं आपल्या हातांकडं बघितलं. “हे पोलिसांना सांगून सांगून थकलो, मॅडम. पर तिनं इचारलं असतं तर एकदाच सांगितलं असतं.” मग म्हणाला, “सासूबाई पण हाय का वर?”

“आहेत.”

“किती जिने हायेत?”

“दोन.”

“त्यांचे गुडघे दुखतात,” तो म्हणाला, आणि वर गेला. थोड्या वेळानं तिघं खाली आली. म्हातारी त्याच्या हाताला धरून उतरत होती. संगीता दोन पायऱ्या मागं होती. नवरा-बायको एकमेकांशी बोलत नव्हते. पुढं काय झालं मला माहीत नाही, आणि मी चौकशी केली नाही.

जाधव मी निवृत्त झाल्यावर वर्षभरात निवृत्त झाले. मधे एका लग्नात भेटले तेव्हा मी परत विचारलं. शब्दन् शब्द तेच म्हणाले, आवाज तुमचाच होता, दम लागलेला. कचरूमामांनाही विचारलं होतं. त्यांना अजूनही फक्त ओगराळंच ऐकू आलेलं आहे. दोघंही खोटं बोलणारे नाहीत.

मीरा, तू शोधून काढशील असं काहीतरी यात असेल तर मला कळव. मी सगळ्या वेळा, सगळी अंतरं मांडून बघितली आहेत. उत्तर येत नाही. कोर्टात साक्ष देताना मी कितीतरी वेळा म्हटलंय, ‘मला माहीत नाही’, आणि खाली उतरून घरी येऊन स्वयंपाकाला लागले आहे. या एका प्रकरणात तसं म्हणून मला कधी उठता आलं नाही.

तुमची,
आजी